सुरीचं वावडं

मखमलाबादच्या रस्त्याला भिमाजींचा मळा होता, आणि मळ्यातल्या त्या घराला सुरीचं वावडं होतं. उजाडायच्या आत शेवंती खुडणारी, विळ्याने मेथी-कोथिंबीर कापून जुड्या बांधणारी ती माणसं. त्यांना सुरीचं कसलं वावडं, असं कुणीही म्हणेल. पण हे वावडं दवाखान्यातल्या सुरीचं होतं. भिमाजींचे थोरले भाऊ कोंडाजी आंब्यावरून पडले, मोडलेली मांडी बसवायला त्यांना टेबलावर घेतलं, आणि चादरीत गुंडाळूनच बाहेर आणलं. पुढे काही वर्षांनी कोंडाजींचा मुलगा लहानू हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतः सायकल मारत गेला, तोही तसाच परत आला. दोघंही धडधाकट, आणि दोघांचंही अंग मेल्यावरसुद्धा तापलेलं आणि लाकडासारखं ताठ होतं, असं आंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं.

मग सुरगाण्याकडच्या एका भगताला विचारलं. त्याने तांदळाचे दाणे मांडले, मान हलवली आणि निकाल दिला, की या कुळातल्या माणसाच्या अंगाला डॉक्टरची सुरी लागलेली देवीला चालत नाही. विळ्याने बोट कापलं तर देवीची हरकत नव्हती, न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही नव्हती. देवीला एवढं तारतम्य कसं, असं विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. घरात दोन मढी पडल्यावर माणूस असल्या चौकशा करत नाही.

कुळाचं म्हटलं की त्याचे नियमही ठरलेले. लेक लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदललं, आणि सून माप ओलांडून आत आली की ती या कुळाची झाली. म्हणून या घराने आपली एक रीत काढली होती. निघालेल्या नवरीपुढे उंबऱ्यात सुरी आडवी ठेवायची, ती तिने ओलांडायची. म्हणजे ती वावड्यातून सुटली. येणाऱ्या सुनेने मात्र तीच सुरी कपाळाला लावून सासूच्या हातात द्यायची, म्हणजे तिलाही वावडं लागू झालं. दिंडोरीहून आलेल्या सुवर्णाने लग्नाच्या दिवशी हे सगळं हसत हसत केलं. तिला तो खेळच वाटला होता.

खेळ कसला ते पंच्याण्णव साली कळलं. तिच्या पहिल्या बाळंतपणात कळा सुरू होऊन रात्र गेली, सकाळ गेली, तरी सुटका होईना. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट अरुंद आहे, सीझर करावं लागेल, आता वेळ घालवू नका. सासूबाई नवसाबाई खाटेपाशी आडव्या उभ्या राहिल्या. "ती आमच्या कुळाची हाय," त्या म्हणाल्या, "दोघं गेले आमचे टेबलावर. हिला मी मरू देनार नाय." सुनेला उचलून त्यांनी टेम्पोत घातलं आणि घरी आणलं. मळ्यातली जाणती सुईण बोलावली. संध्याकाळी बाळ सुटलं, ते गेलेलंच होतं.

नवसाबाई खाष्ट असत्या तर गोष्ट सोपी झाली असती. पण त्या पुढचे कितीतरी दिवस सुनेला मांडीवर घेऊन भरवत बसल्या. तिच्या छातीला फुटलेलं दूध बघून तिच्याआधी त्याच रडल्या. सुवर्णालाही हळूहळू पटत गेलं, की टेबलावर गेले असते तर मीही गेले असते. आत्याबाईंनीच मला ओढून आणलं. दर नवरात्रात ती देवीची ओटी भरायची. बाळ नेलंस, मला ठेवलंस, असं म्हणून डोकं टेकायची. मनापासून टेकायची.

अठ्ठ्याण्णव साली श्रावण सरता सरता तिचा आठवा महिना सरत आला होता, आणि तपासणीत निघालं, की वाट तर अरुंदच, शिवाय या खेपेला बाळ आडवं आहे. सीझरशिवाय इलाज नाही. तिने ते रात्री भारतला सांगितलं. तिचा नवरा बरा माणूस होता, झेंडूची रोपं हाताळावीत तसा बायकोशी वागायचा, पण त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." भारतचं बघू म्हणजे आईला विचारू, हे सुवर्णाला लग्नापासून ठाऊक होतं. आणि आईचं उत्तरही ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. पोटात बाळ हललं की आनंद व्हायच्या ऐवजी तिच्या अंगावर काटा यायचा.

अशात शेजारच्या मळ्यात फोन आला, की सातपूरला दिलेल्या लेकीला, भाग्यश्रीला, दवाखान्यात नेलं आहे. पोटात दुखून ती गडबडा लोळत होती. सगळं घर टेम्पोत बसून निघालं. जावई जीवन कंपनीच्या कपड्यांतच दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. "अपेंडिक्स आहे म्हणतात. आजच कापायचं म्हणतात," तो म्हणाला.

"मग थांबलात कशाला, जीवनराव?" नवसाबाई म्हणाल्या. "करा म्हनावं लगेच."

सुवर्णाला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. ती सासूकडे बघतच राहिली. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "आणि वावडं?"

"तिला कसलं वावडं? ती सुरी वलांडून गेली. आता तिचं कूळ दुसरं, देव दुसरा."

स्ट्रेचरवरून भाग्यश्रीने हे ऐकलं. कळ दाबत ती हसली. "मी सुटले गं वहिनी त्यातून," ती म्हणाली. तिचा काही वाईट हेतू नव्हता. पण सुवर्णाचा जळफळाट झाला. एकाच घरात दोघी वावरल्या. जी तिथे जन्मली ती मोकळी, आणि जी बाहेरून आली ती बांधलेली. आत जाणाऱ्या नणदेकडे तिने बघितलंही नाही. नंतर पुष्कळ दिवस तिला त्याची रुखरुख लागून राहिली.

सगळी बाकावर बसली. भिमाजींनी तंबाखू मळायला घेतली, नवसाबाईंनी पोरीला आठ दिवस माहेरी न्यायचं ठरवून टाकलं. तंबाखू अजून तोंडात गेली नव्हती, तोच ऑपरेशनची खोली उघडली आणि एक नर्स अक्षरशः पळत बाहेर आली. "बर्फ आणा," ती म्हणाली. "मिळेल तेवढा आणा. लाद्या आणा." कशाला, काय झालं, हे सांगायला ती थांबलीच नाही.

भारत आणि जीवन टेम्पो घेऊन सुटले आणि कारखान्यांच्या वस्तीतून बर्फाच्या लाद्या घेऊन आले. फुलांची ओली पोती गुंडाळलेल्या लाद्या व्हरांड्यातच आपटून फोडल्या. सुवर्णा आठ महिन्यांचं पोट सांभाळत घमेलं उचलून आत गेली. तिला अडवायला कुणाला सवड नव्हती. भाग्यश्री टेबलावर ताठ पडली होती. चेहरा लालभडक, नंतर निळसर. दात घट्ट बसलेले. भूल देणाऱ्या डॉक्टर टिपणीसबाई तिच्या डोक्याशी उभं राहून हाताने फुगा दाबत श्वास देत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. "काखेत ठेवा, जांघेत ठेवा," त्या म्हणाल्या. सुवर्णाने बर्फ ठेवताना नणदेच्या दंडाला हात लावला. तो चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखा पोळणारा, आणि लाकडासारखा कडक होता. ठेवलेला बर्फ डोळ्यांदेखत पाणी होऊन टेबलावरून गळायला लागला.

तिने बाहेर येऊन काही सांगायच्या आत भिमाजींनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. "अंग तापलंय ना?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. म्हातारा भिंतीला टेकत टेकत खाली बसला. कोंडाजीला आणि लहानूला त्यांनी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली होती.

भाग्यश्री त्या दिवशी मेली नाही. हा त्या घराच्या इतिहासातला पहिला चमत्कार. पण तिला अतिदक्षता विभागात नेलं, लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली, आणि डॉक्टर काहीच खात्रीने सांगेनात. नवसाबाई उठून सुनेजवळ आल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"देवीनं सोडलं नाय," त्या म्हणाल्या. "कूळ बदललं तरी सोडलं नाय. आता तुला तर मी कुना डाक्टरच्या सावलीला उभी राहू देनार नाय. बाळंतपन घरीच. ऐकलंस का?"

सुवर्णाने ऐकलं. तिच्या पोटात बाळ आडवं होतं, ते घरी सरळ होणार नव्हतं. काल तरी भारतच्या त्या बघूमध्ये तिला इवलीशी फट दिसत होती. आता तीही बुजली. इकडे टेबल, तिकडे सुईण, दोन्हीकडे मरणच. जे मरण तिने आत्ताच हाताने चाचपून पाहिलं होतं त्यालाच ती जास्त भ्यायली. आपणच आपल्या तोंडाने नको म्हणू, असं तिला वाटायला लागलं होतं. भीती माणसाला इतकं खाली आणते.

चार-पाच दिवसांनी भाग्यश्रीने डोळे उघडून ओळख दिली. खोल गेलेल्या आवाजात तिने पहिलं काय विचारलं, तर, "आई, मी तर सुटले होते ना?" नवसाबाईंनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्याच दुपारी डॉक्टर टिपणीसांनी घरच्यांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. "मुलगी वाचली, पण मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "घरात याआधी कुणाला भूल दिल्यावर असं काही झालं होतं का?"

भिमाजींनी कोंडाजीचं सांगितलं. लहानूचं सांगितलं. तापलेलं अंग सांगितलं, भगत सांगितला, सुरी सांगितली. टिपणीसबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"दोन माणसं गेली होती? आणि ऑपरेशनच्या आधी तुम्ही हे आम्हाला सांगितलं नाही?"

"कसं सांगनार, बाई?" भिमाजी म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "ती आमच्या कुळातली राह्यली नव्हती."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आधी एक ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीला सुरी लागलीच नव्हती. पोटाला हात लावायच्या आधीच तिचा जबडा आवळला. आम्ही लगेच भुलीचा वायू बंद केला, म्हणून ती आज आहे. यात सुरीचा काही संबंध नाही. भुलीच्या काही औषधांचा आहे."

"सुरी लागलीच नाय?" नवसाबाईंनी विचारलं.

"नाही. पोट बघा तिचं, ओरखडासुद्धा नाही. अपेंडिक्स आम्ही इंजेक्शनांवर थोपवलंय." मग त्यांनी भिमाजींकडे बघितलं. "मळ्यात पाणी भरताना दारं धरता ना तुम्ही? दारं उघडलं की वाफ्यात पाणी येतं, माती लावून दारं बुजवलं की बंद होतं. आपल्या स्नायूत तशीच बारीक दारं असतात. ती उघडली की आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आवळतो. बंद झाली की सैल पडतो. हे दार एका प्रथिनाचं बनलेलं असतं, आणि ते कसं बनवायचं हे शरीराला एक जनुक सांगतं. आरवायआर-वन म्हणतात त्याला. तुमच्या रक्तात त्या जनुकात बहुतेक थोडी चूक आहे. एरवी काही कळत नाही, माणूस दणकट असतो, जन्मभर राबतो. पण ही ठरावीक औषधं अंगात गेली की ती सगळी दारं एकदम उघडतात आणि मिटतच नाहीत. सगळे स्नायू आवळून बसतात आणि अंग आतून पेटतं."

"दारं फुटल्यावानी," भिमाजी म्हणाले.

"तसंच. आणि हे जनुक आईबापाकडून येतं. लग्नात बदलत नाही. मुलगी सातपूरला गेली काय आणि समुद्रापलीकडे गेली काय, तुमचं रक्त ती बरोबर घेऊन गेली. भारतलाही असू शकतं. तुम्हाला तर असणारच, असं मला वाटतं."

लेक सुटली नव्हती, हे सगळ्यांना कळलं. सगळे तेवढ्यावरच थांबले होते. सुवर्णाचं मन मात्र पुढे गेलं होतं. तिने टेबलाची कड धरली.

"बाई," ती म्हणाली, "मी सून हाय. दिंडोरीची. मला?"

"तुमच्या माहेरी कुणाचं ऑपरेशन झालंय?"

"आईची पिशवी काढली. भावाचा हात कापून बसवला. कुनाला काय झालं नाय."

"मग तुम्हाला कसली भीती?" टिपणीसबाई अगदी सहज म्हणाल्या. "तुमचा याच्याशी काय संबंध? तुम्ही या घरात जन्मलात थोड्याच."

"आणि पोटातलं बाळ? ते तर ह्या घरचं."

"त्याला येऊ शकतं. पण सीझरला पाठीत सुई देऊन करतात, त्यात ती औषधं लागतच नाहीत. बाळाला काही होत नाही, आईलाही नाही. मोठेपणी कधी भूल द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, बस."

"तीन वर्सांपूर्वी बी असंच करता आलं असतं?"

"दहा वर्षांपूर्वीही आलं असतं. का?" बाईंनी विचारलं. मग त्यांनी सुवर्णाकडे बघितलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या नवसाबाईंकडे बघितलं, आणि न सांगताच त्यांना उमगलं. "अरे देवा," त्या पुटपुटल्या.

सुवर्णाला रडू आलं नाही. तिला काहीच आलं नाही. तिला आठवत होतं ते फक्त नवरात्र. तीन नवरात्रं ती देवीपुढे डोकं टेकवत होती आणि मला ठेवलंस म्हणून उपकार मानत होती. त्या वावड्याने तिला कधी धरलंच नव्हतं. डॉक्टर होत्या, टेबल होतं, सुई होती, बाळ जिवंत होतं, आणि दाराशी टेम्पो उभा होता. तिला तिथून उचलून नेणारे हातही तिला आठवले. तेच हात आता तिच्या मागे होते.

"म्या उचललं तुला," नवसाबाई म्हणाल्या. "सुवर्णा, म्या उचललं."

सुवर्णाने मागे वळून बघितलं नाही. त्या बाईने आपल्याला भरवलं, आपल्यासाठी ती रडली, हे सगळं खरं होतं, आणि त्या क्षणी तिला त्यातल्या कशाचीच कीव आली नाही. "बाई, माझं बाळ आडवं हाय," ती डॉक्टरांना म्हणाली. "मला सीझर करायचं हाय." भारतने तोंड उघडलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बघू म्हणू नका." तो म्हणाला नाही.

गणपती उठल्यावर आठवडाभराने तिला दाखल केलं. बाळंतपण करणारे डॉक्टर वेगळे होते, पण भुलीला टिपणीसबाईच यायला हव्यात, असं तिने सांगून ठेवलं होतं. नवसाबाईंना या म्हणून तिने सांगितलं नाही आणि येऊ नका म्हणूनही नाही. त्या आपणहून आल्या. कपड्यांची पिशवी त्यांनी उचलली आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर, बाक रिकामा असताना, फरशीवर बसल्या. सुवर्णा त्यांच्या शेजारून आत गेली.

पाठीत सुई टोचली, मुंगी चावावी एवढं दुखलं, आणि कमरेखालचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी झालं. छातीपुढे हिरवा पडदा लावला. सुवर्णाने डोळे मिटून घेतले आणि भाग्यश्रीचा तो कडक दंड आठवत मरणाची वाट बघायला लागली. डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, की काल रविवार कारंज्याच्या चौकात गर्दी फार होती. कुणीतरी दिवा सरकवायला सांगितलं. पोटात भांडी विसळावीत तशी हालचाल झाली, दुखलं नाही. आणि पडद्याच्या पलीकडे एक बाळ चिडून रडायला लागलं.

"मुलगा," डॉक्टर म्हणाले. "झालं हं."

सुवर्णाने डोळे उघडले. अजून काही तरी व्हायचं बाकी असेल, असं तिला वाटत होतं. तिने मान वर करून डोक्याशी उभ्या असलेल्या टिपणीसबाईंना शोधलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

बाईंचा हात तिच्या कपाळावर होता, तो तिथेच राहिला. "हो गं," त्या म्हणाल्या. "एवढंच असतं."

बाळ पुसून तिच्या गालाला लावलं, तेव्हा तिच्या घशातून असा आवाज निघाला, की बाहेर फरशीवर बसलेल्या नवसाबाई उठून उभ्या राहिल्या. हे रडणं गालाशी असलेल्या बाळासाठी नव्हतं. तीन वर्षांत ती त्या पहिल्या बाळासाठी अशी रडलीच नव्हती, कारण ते देवीने नेलं होतं आणि देवीशी भांडता येत नाही. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलायला लागलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना हात थांबवावा लागला, आणि टिपणीसबाईंनी त्यांना अजून जरा थांबा म्हणून सांगितलं.